न पाठवलेले पत्र

(गोडदेव, भाईंदर पूर्व येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



१ फेब्रुवारी २००३ हा शनिवार होता. भारतात संध्याकाळचे साडेसात वाजत आले होते. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घरोघरी दूरदर्शन संच सुरू होते. हरियाणातील कर्नाल या गावी कल्पना चावला ज्या शाळेत शिकली, त्या शाळेत मुले आनंदोत्सवासाठी जमली होती. आपल्या गावची मुलगी १६ दिवसांची अवकाशमोहीम आटोपून पृथ्वीवर परतणार, ती घटका पाहण्याची उत्सुकता प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होती. कोलंबिया हे यान फ्लोरिडातील धावपट्टीवर उतरायला जेमतेम पाव तास उरला होता. आणि टेक्सासच्या आकाशात एका प्रकाशरेषेचे अनेक तुकडे होताना दिसले. सात अंतराळवीर त्या क्षणी काळाच्या पडद्याआड गेले.

त्या रात्री देशभर हळहळ व्यक्त झाली. ‘दैव! दुसरे काय?’ असे उद्गारही निघाले. परंतु पुढे सात महिन्यांच्या चौकशीतून जे बाहेर आले, ते दैवाच्या खात्यावर टाकून मोकळे होता येण्यासारखे नव्हते. त्या यानाला इजा झाली असावी, ही शंका उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशी आली होती. ती तपासून पाहण्याचे साधन उपलब्ध होते. तपासा, असे एक अभियंता आर्जवाने सांगत होता. तरीही तपासणी झाली नाही. कोणी दुष्टाव्याने ती अडवली, असेही नाही. ती अडली ती कार्यपद्धतीच्या चौकटीत, अधिकाराच्या पायऱ्यांत आणि ‘योग्य मार्गाने या’ या तीन शब्दांत.

गोडदेवहून रोज सकाळी भाईंदर स्थानक गाठून चर्चगेटच्या गाडीने कचेरीला जाणाऱ्या माणसाला हे तीन शब्द परिचयाचे आहेत. फाईल या मेजावरून त्या मेजावर जाते, शेरे वाढतात, पण निर्णय होत नाही. आपल्याकडे याला लालफीत म्हणतात आणि ती आपल्याच देशाची खासियत आहे, असा आपला समज असतो. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या संस्थेतही ती फीत होती. म्हणून ही कथा मुळापासून समजून घेतली पाहिजे.

एक तुकडा आणि एक तारीख

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबियाचे उड्डाण झाले. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या प्रचंड इंधनटाकीवरील उष्णतारोधक फेसाचा, म्हणजे फोमचा, एक तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखावर आदळला. तुकड्याचे वजन सुमारे पाऊण किलो. घरातील उशीइतके हलके ते द्रव्य काय इजा करणार, असे कोणालाही वाटेल. पण यान आणि तुकडा यांच्या वेगातील फरक ताशी सुमारे ८०० किलोमीटर होता. एवढ्या वेगाने आदळणारी हलकी वस्तू हलकी राहत नाही.

असा फोम सुटण्याची ही पहिली वेळ नव्हती. ऑक्टोबर २००२ मध्ये अटलांटिस यानाच्या उड्डाणात टाकीच्या त्याच भागातून तुकडा सुटला होता. त्याची नोंद झाली, बैठक झाली, कारण शोधण्याचे काम एका विभागाकडे सोपवले गेले. अहवालासाठी तारीखही ठरली. ती तारीख पुढे ढकलण्यात आली आणि नवी तारीख पडली ६ फेब्रुवारी २००३. म्हणजे कोलंबिया उडून, १६ दिवस अंतराळात राहून, परत येऊन गेल्यानंतर! कागदोपत्री कोणाची चूक नव्हती, कारण मुदत अजून संपलेली नव्हती. ज्या प्रश्नाचे उत्तर उड्डाणापूर्वी हवे होते, त्या प्रश्नाला उड्डाणानंतरची तारीख मिळाली होती.

१७ जानेवारीला उड्डाणाची चित्रफीत पाहताना तज्ज्ञांना तो आघात दिसला. कॅमेऱ्यांच्या चित्रांतून पंखाला नेमके काय झाले, हे मात्र स्पष्ट होईना. अमेरिकेच्या संरक्षण विभागाकडे कक्षेतील वस्तूंची छायाचित्रे घेऊ शकणारी प्रभावी साधने होती. ती वापरावीत, अशी पहिली सूचना त्याच दिवशी पुढे आली.

रॉडनी रोचा यांची विनंती

आघाताचा अभ्यास करण्यासाठी अभियंत्यांचा एक गट नेमला गेला. त्याच्या दोन प्रमुखांपैकी एक होते ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्रातील अभियंते रॉडनी रोचा. गटाच्या हाती गणिताचे एक साधन होते. पण ते अगदी लहान तुकड्यांच्या आघातावरून बेतलेले होते आणि इथला तुकडा त्या तुकड्यांच्या शेकडो पट मोठा होता. हे म्हणजे सोनाराच्या तराजूत भाताचे पोते तोलण्यासारखे! साहजिकच अभियंत्यांचे एकमत झाले, की अंदाज बांधत बसण्यापेक्षा प्रत्यक्ष पाहावे.

२१ जानेवारीला रोचा यांनी आपल्या वरिष्ठांना ई-मेल पाठवला. बाहेरच्या यंत्रणेची मदत मागता येईल का, असे विचारताना त्यांनी ‘याचना’ या अर्थाचा शब्द वापरला. अनुभवी अभियंत्याला आपल्याच संस्थेत एका छायाचित्रासाठी याचनेची भाषा करावी लागावी, यातच त्या व्यवस्थेचे चित्र उमटले आहे.

एकूण तीन वेगवेगळ्या वाटांनी छायाचित्रांची मागणी वर गेली. २२ जानेवारीच्या सकाळी संरक्षण विभागाशी संपर्क झाला आणि तिथे हालचालही सुरू झाली. पण सुमारे दीड तासात ही मागणी मागे घेण्यात आली. मोहीम व्यवस्थापन मंडळाच्या अध्यक्षा लिंडा हॅम यांनी छायाचित्रे नेमकी कोणाला हवी आहेत, याची चौकशी केली होती. त्यांनी अनेकांना विचारले. ज्यांना ती हवी होती, त्या अभियंत्यांच्या गटाला मात्र विचारले नाही. मागणी ठरलेल्या मार्गाने आलेली नव्हती, म्हणून ती कोणाचीच नव्हती. दुसऱ्या दिवशी संरक्षण विभागाला एक संदेश गेला. त्याचा आशय असा, की यान उत्तम स्थितीत आहे आणि अशा मागण्या यापुढे योग्य मार्गानेच याव्यात, म्हणजे विनाकारण धावपळ होणार नाही.

यातील सर्वांत क्रूर भाग पुढेच आहे. छायाचित्रे हवी असतील तर त्यांची अनिवार्य गरज सिद्ध करा, असे अभियंत्यांना सांगण्यात आले. गरज सिद्ध करायची तर पंखाला इजा झाल्याचा पुरावा हवा. आणि पुरावा हवा तर छायाचित्रे हवीत. रुग्णाने आधी आजार सिद्ध करावा, मग त्याची तपासणी करू, असे वैद्याने म्हणावे, तसाच हा प्रकार होता.

नियमानुसार या मंडळाची बैठक मोहिमेच्या काळात रोज व्हायला हवी होती. १६ दिवसांत ती पाच वेळा झाली. शनिवार, रविवार आणि त्यांना जोडून आलेली सोमवारची सुट्टी, असे तीन दिवस सलग बैठकच नव्हती. अंतराळात मात्र सुट्टी नव्हती. यानातील हवा शुद्ध करणाऱ्या द्रव्याचा साठा दिवसागणिक कमी होत होता.

एक पत्र, जे गेलेच नाही

नकार कळला तेव्हा रोचा अस्वस्थ झाले. त्यांनी एक ई-मेल लिहून काढला. बाहेरची मदत न मागण्याचा निर्णय चुकीचा असून तो बेजबाबदारपणाच्या सीमेवर आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले. सुरक्षित नसेल तर तसे सांगा, असे फलक संस्थेत जागोजागी लावले आहेत ना, याचीही त्यांनी आठवण करून दिली. त्यांनी त्याची प्रत काढली, सहकाऱ्याला दाखवली.

आणि ते पत्र पाठवले नाही.

का? पुढे चौकशीत त्यांनी सांगितले, की अधिकाराची उतरंड ओलांडून वर जाणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. एका मुलाखतीत त्यांनी आणखी मोकळेपणाने कबुली दिली: आपण फार खालच्या पायरीवर होतो आणि निर्णय घेणारी व्यक्ती फार वर होती.

रोचा यांना भित्रे ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ज्या काळात बहुतेक जण गप्प होते, त्या काळात त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा विचारले. शिस्त पाळणारा, संस्थेवर निष्ठा असणारा माणूस ज्या ठिकाणी अडखळतो, त्याच ठिकाणी ते अडखळले. म्हणूनच त्यांची कथा आपल्याला जवळची वाटते. संघटनेत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात असे एखादे न पाठवलेले पत्र असते.

२३ जानेवारीला यानातील कमांडर रिक हसबंड आणि वैमानिक विल्यम मॅकूल यांना पृथ्वीवरून कळवण्यात आले, की फोमचा तुकडा आदळला असला तरी काळजीचे कारण नाही. २४ तारखेच्या बैठकीत आघाताचा विषय उड्डाणाच्या सुरक्षिततेचा नाही, असे ठरवून तो बाजूला ठेवण्यात आला.

‘काही करता येणार नाही’ हे कोणी ठरवले?

इजा झाली असती तरी अंतराळात काय करता आले असते, असा एक विचार त्या बैठकांत डोकावत होता. वरवर तो व्यवहारी वाटतो. पण जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचे उत्तर ‘नाही’ असे गृहीत धरण्याचा अधिकार कोणालाही नसतो. याच संस्थेने एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ यानात स्फोट झाल्यावर तिन्ही अंतराळवीरांना सुखरूप परत आणले होते. त्या वेळी प्रथम संकट मान्य केले गेले आणि मग हजारो डोकी उपाय शोधू लागली. कोलंबियाच्या वेळी ती सारी डोकी हजर होती. त्यांना प्रश्नच दिला गेला नाही.

अॅडमिरल हॅरोल्ड गेमन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने याचाही शोध घेतला. जुलै २००३ मध्ये टेक्सासमधील एका प्रयोगशाळेत तेवढ्याच वजनाचा फोमचा तुकडा तेवढ्याच वेगाने पंखाच्या कडेवरील फलकावर सोडण्यात आला. फलकाला सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीचे भगदाड पडले. पाहणाऱ्यांच्या तोंडून शब्द फुटेना. मंडळाने सुटकेच्या शक्यतेचाही अभ्यास करून घेतला. अटलांटिस यानाची पुढील उड्डाणासाठी तयारी चालूच होती. वेळेत निर्णय झाला असता तर ते १० फेब्रुवारीच्या सुमारास उडू शकले असते. आणि काटकसर केल्यास कोलंबियातील वीर १५ फेब्रुवारीपर्यंत तग धरू शकले असते. पाच दिवसांची ती फट होती. धोका मोठा होता, यशाची खात्री नव्हती. पण वाट होती. त्या वाटेवर पहिले पाऊल टाकण्यासाठी लागत होते ते एक छायाचित्र.

२६ ऑगस्ट २००३ रोजी प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा निष्कर्ष थोडक्यात असा, की या अपघाताला फोम जितका कारणीभूत, तितकीच संस्थेची कार्यसंस्कृतीही कारणीभूत आहे. तुकडा सुटणे हा तांत्रिक दोष होता. त्यानंतरचे १६ दिवस हा माणसांचा दोष होता.

आणि हा धडा दुसऱ्यांदा शिकवला जात होता. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात जण गेले. आदल्या रात्री रॉजर बॉइसजोली आणि त्यांचे सहकारी अभियंते, कडाक्याच्या थंडीत अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडी दगा देतील, उड्डाण थांबवा, असे परोपरीने सांगत होते. बॉइसजोली यांनी तर जुलै १९८५ मध्येच लेखी इशारा दिला होता. तेव्हाही वरच्यांनी खालच्यांचे ऐकले नाही.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. चॅलेंजरच्या वेळी अभियंते ‘थांबा’ म्हणत होते. कोलंबियाच्या वेळी ‘त्वरा करा’ म्हणत होते. म्हणजे प्रश्न केवळ वेगाचा नाही. विचारपूर्वक थांबणे वेगळे आणि उत्तर न देता रेंगाळणे वेगळे. ज्याला विषयाचे ज्ञान आहे त्याचा शब्द, ज्याच्या हाती अधिकार आहे त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचतो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडची वाट

स्वतंत्र भारतातील विज्ञानसंस्थांच्या धुरीणांना हा धोका ठाऊक होता. डॉ. होमी भाभा यांनी अणुऊर्जा खाते दिल्लीच्या सचिवालयात न ठेवता मुंबईत ठेवण्याचा आग्रह धरला. १९५८ मधील फेररचनेनंतर अणुऊर्जा आयोगाचा अध्यक्ष हाच खात्याचा सचिव आणि आयोगाला स्वतःचे आर्थिक व प्रशासकीय अधिकार, अशी व्यवस्था झाली. प्रस्ताव मांडणारा शास्त्रज्ञ आणि त्यावर सही करणारा सचिव एकच असल्यावर फाईल कोणत्या मेजावर अडणार? १९७२ मध्ये अवकाश आयोग आणि अवकाश विभाग स्थापन झाले ते याच धर्तीवर. आणि त्याचे मुख्यालय दिल्लीऐवजी बंगळूरला राहिले. यंत्रणेची रचना ही केवळ कारकुनी बाब नाही, हे त्या पिढीने ओळखले होते.

पण रचना कितीही चांगली असली तरी माणसांची कसोटी चुकत नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून एसएलव्ही-३ या आपल्या पहिल्या उपग्रहवाहक अग्निबाणाचे उड्डाण व्हायचे होते. अखेरच्या मिनिटांत संगणकाने ‘थांबा’ असा इशारा दिला. तज्ज्ञांशी बोलून प्रकल्पप्रमुख डॉ. अब्दुल कलाम यांनी तो इशारा बाजूला सारला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण प्रणालीत आम्लाची गळती झाली होती; अग्निबाण बंगालच्या उपसागरात कोसळला. स्वतःची ही चूक डॉ. कलाम पुढे आयुष्यभर जाहीर व्याख्यानांतून सांगत राहिले. त्या दिवशी पत्रकारांना सामोरे गेले ते अध्यक्ष प्रा. सतीश धवन. त्यांनी अपयश स्वतःच्या अंगावर घेतले आणि आपल्या चमूवर विश्वास व्यक्त केला. १८ जुलै १९८० रोजी तोच अग्निबाण यशस्वी झाला, तेव्हा पत्रकारांसमोर धवन यांनी कलामांना पुढे केले.

या अग्निबाणाच्या घन इंधनामागे एका मराठी शास्त्रज्ञाची साधना होती. कोल्हापुरात शिकलेले, इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात संशोधन केलेले डॉ. वसंत गोवारीकर १९६७ मध्ये थुंबा येथे रुजू झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली इंधन देशातच तयार झाले. १९७९ पासून ते तिथल्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. दुसऱ्या प्रयत्नाचे यश त्यांच्याच कारकिर्दीत आले. त्या अकरा महिन्यांत दोष कोणाच्या माथी मारायचा याची चर्चा लांबत गेली असती, तर १८ जुलैचा दिवस उजाडला नसता.

२००१ चा दाखलाही असाच बोलका आहे. २८ मार्चला जीएसएलव्हीचे पहिले उड्डाण अगदी अखेरच्या क्षणी स्वयंचलित यंत्रणेने थांबवले, कारण बाजूच्या चार इंजिनांपैकी एकात पुरेसा जोर निर्माण झाला नव्हता. या वेळी ‘थांबा’ हा इशारा पाळला गेला. दोष शोधला, दुरुस्त केला आणि तीन आठवड्यांत, १८ एप्रिलला, उड्डाण झाले. थांबावे कसे आणि थांबल्यावर वेळ न दवडता पुन्हा उभे राहावे कसे, हे दोन्ही त्यात दिसले.

सभेतला विकर्ण

आपल्या परंपरेला ही समस्या नवी नाही. द्यूतसभेत भीष्म, द्रोण, कृप बसले होते. द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नाला कोणी उत्तर देईना. तेव्हा उठला तो कौरवांपैकीच एक तरुण, विकर्ण. हा अधर्म आहे, असे त्याने भर सभेत सांगितले. कर्णाने त्याला लहान म्हणून गप्प केले. विदुराने त्यापूर्वी आणि त्यानंतरही धृतराष्ट्राला अनेकदा सावध केले. धृतराष्ट्राने ऐकले, पण केले काहीच नाही. त्या सभेतील ज्येष्ठांचे मौन हाच त्या सभेचा निर्णय ठरला आणि त्याची किंमत सगळ्या कुळाने मोजली.

उत्तर न देणे हाही निर्णयच असतो. फाईल पडून राहते तेव्हा काहीच घडत नाही, हा भ्रम आहे. काळ घडतच असतो. कोलंबियाच्या फाईलवर कोणी ‘सात जणांना मरू द्या’ असा शेरा लिहिला नव्हता. लिहिण्याची गरजही पडली नाही.

म्हणून या कथेतून दोन कर्तव्ये पुढे येतात. पहिले खालच्या पायरीवरच्या माणसाचे. शिस्त म्हणजे मौन नव्हे. संस्थेवर निष्ठा असलेल्यानेच तिला अप्रिय सत्य सांगायचे असते आणि एका दाराने उत्तर मिळाले नाही, तर दुसरे दार ठोठवायचे असते. जिवाचा प्रश्न असेल तिथे उतरंडीपेक्षा जीव मोठा. दुसरे कर्तव्य वरच्या पायरीवरच्या माणसाचे, आणि ते अधिक जड आहे. ‘कोणाला काही म्हणायचे आहे का?’ एवढे विचारून त्याची सुटका होत नाही. बैठकीत जो नाही, मागच्या रांगेत जो गप्प बसला आहे, त्याच्यापर्यंत जाऊन त्याला बोलते करावे लागते. कार्यालय असो, गृहनिर्माण संस्था असो, रुग्णालय असो वा सामाजिक संघटना. प्रमुखाची योग्यता त्याच्यापर्यंत वाईट बातमी किती लवकर पोहोचते, यावरून ओळखावी.

कोलंबियानंतर अमेरिकेच्या त्या संस्थेने काही गोष्टी बदलल्या. २००५ मध्ये डिस्कव्हरी यान पुन्हा उडाले तेव्हा अंतराळात त्याच्या पोटाची आणि पंखांची छायाचित्रे घेणे, हा मोहिमेचा नेहमीचा भाग झाला. ज्यासाठी एका अभियंत्याला याचना करावी लागली, ते आता न मागता मिळू लागले. त्यासाठी सात चिता पेटाव्या लागल्या, एवढेच दुःख.

अपघातानंतर चारच दिवसांनी, ५ फेब्रुवारी २००३ रोजी, पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी भारताच्या पहिल्या हवामान उपग्रहाला कल्पनाचे नाव दिले. सप्टेंबर २००२ मध्ये श्रीहरिकोटा येथून सोडलेला मेटसॅट त्या दिवसापासून ‘कल्पना-१’ झाला. पुढे अनेक वर्षे तो भारतावरचे ढग टिपत राहिला. वादळाचा इशारा वेळेत मिळावा, हेच त्याचे काम होते. कल्पनाला जे मिळाले नाही, ते तिच्या नावाचा उपग्रह इतरांना देत राहिला.

आपल्या खिशातील न पाठवलेले पत्र आज रात्री घरी गेल्यावर प्रत्येकाने एकदा काढून वाचावे. त्यात कोणाच्या जिवाचा, कोणाच्या हिताचा प्रश्न असेल, तर ते उद्या सकाळी पाठवावे. आणि असे पत्र ज्याच्या हाती पडेल, त्याने त्याच दिवशी उत्तर द्यावे.